अकरा सेकंदांची खाडी

आईच्या पुस्तकाचा एक वाचक खोटा आहे, हे मला एका मंगळवारी शाळेच्या फाटकात कळलं. पायात एक मोजा उलटा, तोंडात अर्धी पोळी आणि फोनवर पत्र. 'वाळत घातलेल्या गोष्टी या पुस्तकाचा वाचक क्रमांक ४१७ संशयित आढळला आहे. निर्णय होईपर्यंत या पुस्तकाची दाद थांबवण्यात येत आहे. पंधरा दिवसांत वाचक बाद करावा किंवा तो खरा असल्याचा पुरावा सादर करावा.' खाली दोन बटणं होती. 'बाद करा' हे मोठं आणि हिरवं. 'पुरावा द्या' हे करडं, बारीक, आणि ते दाबलं की बावीस पानांचा फॉर्म.

दाद म्हणजे काय हे आता बालवाडीतल्या पोरांनाही माहीत आहे. पण समजा कुणी पंधरा वर्षं झोपून आजच उठलं असेल, तर त्याच्यासाठी सांगते. पूर्वी लोक पुस्तकांच्या फायली एकमेकांना फुकट पाठवायचे. लग्नाची पत्रिका पाठवावी तसं पुस्तक गावभर फिरायचं आणि लिहिणाऱ्याला काही मिळायचं नाही. ओरडून, धमकावून, कुलपं लावून झालं, लोक काही थांबले नाहीत. मग कुणीतरी म्हणालं, फिरू दे फुकट. प्रत्येकाच्या मोबाइल रिचार्जमधून थोडे पैसे एका निधीत टाकू आणि ज्याचं पुस्तक वाचलं जाईल त्याला त्यातून देऊ. आधी डाउनलोड मोजले. तेव्हा एकेका लेखकाचे मामा, मावश्या, मेहुणे रोज चाळीस-चाळीस वेळा पुस्तक उतरवून घ्यायला लागले. म्हणून मग डोळे मोजायला सुरुवात झाली.

हे मला फार आवडतं, म्हणून जरा लांबवते. आपल्याला वाटतं, वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जातो. तसं काही नसतं. तो अंगणातल्या चिमणीसारखा उड्या मारत जातो. एका शब्दावर पाव सेकंद बसतो, टुणकन पुढच्यावर जातो, मध्येच मागे येऊन काहीतरी पुन्हा टिपतो. फोनचा पुढचा कॅमेरा या उड्या बघतो. शिवाय काळजाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याचा रंग अगदी कणभर बदलतो. तो आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. त्यावरून माणूस जिवंत आहे हे कळतं आणि गोष्टीत गुंतला की नाही हेही. चेहरा फोनच्या बाहेर जात नाही. बाहेर जातो तो फक्त उड्यांचा माग. खोटे चेहरे लावलेल्या फोनांच्या रांगा मांडून दाद लुटणाऱ्या टोळ्या आहेत, त्या या मागावरूनच पकडतात.

आणि आता आमच्या पुस्तकात असा एक निघाला होता.

आमच्या म्हणजे आईच्या. माझी आई, मयुरी आरोलकर, मी पाच वर्षांची असताना आजारी पडली आणि गेली. तिने एकच पुस्तक लिहिलं, अठरा गोष्टींचं. तेव्हा दादबिद काही नव्हतं, तरी तिने ते पहिल्या दिवसापासून फुकट ठेवलं. पहिल्या पानावर लिहिलंय, 'घ्या, वाचा, पुढे द्या.' आता त्याची जी दाद येते त्यातून माझा क्लास आणि बसचा पास निघतो. पण मला आवडतं ते निराळंच. मला पान उघडून 'या क्षणी वाचक : ३' असं बघायला आवडतं. तीन माणसं या क्षणी आईचं बोलणं ऐकत बसलीत, असं वाटतं. मी त्यांना ओळखत नाही. मी तर आईलाही फारशी ओळखत नाही.

दुपारी शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात गेले. पप्पांचं कोल्हापुरात, राजारामपुरीत चष्म्याचं दुकान आहे, 'बोंद्रे चष्मेवाले'. ते एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवत होते. तो मोहरीएवढा असतो, त्यामुळे तेव्हा बोलायचं नसतं. स्क्रू बसल्यावर मी पत्र दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, एक वाचक गेल्याने काय बिघडतंय, बाद कर आणि मोकळी हो. मी म्हटलं, बाद केला तर त्याच्या फोनवर पुस्तक कायमचं बंद होतं. तो खरा माणूस असला तर? पप्पा म्हणाले, खरा असता तर पकडला कशाला गेला असता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पप्पांनी आईचं पुस्तक कधीच वाचलेलं नाही. एकही पान नाही. आई लिहायची आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. ते म्हणतात, "मी वाचायला बसलो तर ते माझ्या आवाजात ऐकू येईल. मग तिचा पुसला जाईल."

मला पुसला जायला काही नाहीच. मला तिचा आवाज आठवत नाही. आईला कॅमेऱ्यासमोर यायला आवडायचं नाही, ती नेहमी कॅमेऱ्यामागे असायची. माझ्या दुसऱ्या वाढदिवसाच्या व्हिडिओत ती एवढंच बोलते : "इकडे बघ. अगं, केककडे नाही, इकडे." गेल्या वर्षी मी तेवढ्या शब्दांवरून तिचा आवाज बनवला. हल्ली तेवढे पुरतात. मग त्या आवाजाकडून पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट वाचून घेतली आणि दुकानात लावली. पप्पा काच पुसत होते. त्यांचा हात थांबला. गोष्ट संपेपर्यंत त्यांनी ऐकलं आणि मग पुन्हा काच पुसायला लागले.

"आवाज तिचाच आहे गं," ते म्हणाले. "पण अशी बातम्या दिल्यासारखी ती कधी बोलली नाही. ती थांबायची."

मी विचारलं, कुठे थांबायची, सांगा, मी तिथे थांबवते. ते म्हणाले, असं सांगता येत नाही, ऐकलं की कळतं. मी तो आवाज पुसून टाकला नाही, पण पुन्हा लावलाही नाही.

तर आता ४१७. संशयित वाचकाचा पूर्ण माग लेखकाला, किंवा लेखकाच्या वारसाला, पुरावा म्हणून दाखवतात. एरवी दाखवत नाहीत. मी तो उघडला. इतर वाचकांचे माग चिमणीचे, याचा मात्र काहीतरी वेगळाच होता. डोळा दोन-तीन शब्द भरभर पुढे जायचा आणि ओळीच्या मधोमध थांबायचा, बसस्टॉपवर उभं राहावं तसा. मग पुन्हा दोन-तीन शब्द. मागे जवळजवळ कधीच नाही. रोज दुपारी चार वाजता सुरू, अर्ध्या तासाने बंद, रविवारी सुट्टी. आणि दर शनिवारी पान अडतीस. त्या पानावर एका वाक्याच्या शेवटी तो अकरा सेकंद थांबायचा. दर शनिवारी. अकरा.

पान अडतीसवरची गोष्ट हीच माझी आवडती. एक मुलगी लग्न होऊन खाडीच्या पलीकडे जाते. रोज संध्याकाळी ती काठावर येऊन माहेरच्या दिशेने हाक मारते, 'आवशी, मी इलंय गो,' म्हणजे आई, मी आलेय गं. मग ती थांबते, कारण हाक पलीकडे पोचायला आणि उत्तर परत यायला वेळ लागतो. मग पलीकडून आईचं उत्तर येतं, 'जेवलंस?' एवढंच, रोज. पुढे एक दिवस उत्तर येत नाही. तरी मुलगी तेवढाच वेळ थांबते आणि मग स्वतःच हळूच म्हणते, 'जेवलंस?'

वाचक ४१७ थांबायचा तो 'मग ती थांबली' या वाक्यानंतर.

मागाच्या वर एकच माहिती होती. तालुका : वेंगुर्ला. आईचं माहेर. मी ते पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला, त्यात काही शोधलं नाही आणि बंद केला.

माझी मैत्रीण तस्लीम मुजावर हिच्या मते मी वेडी होते. तिचं म्हणणं, चोर काय वेंगुर्ल्यात नसतात का, उलट सुट्टीत तिकडे जाऊन मासे खाऊन चोरी करत असतील. पंधरापैकी सहा दिवस असे वाद घालण्यातच गेले. सातव्या दिवशी मराठीच्या तासाला माझ्या शाळेच्या टॅबची बॅटरी संपली. शाळेच्या टॅबमध्ये कॅमेरा बंद असतो. चौगुले मॅडमनी मला धडा मोठ्याने वाचायला सांगितला, म्हणून मी स्वतःच्या फोनवर उघडला आणि उभी राहून वाचायला लागले. मी चांगली वाचते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या परिच्छेदातच फोन कर्कश वाजला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली : 'आपले वाचन संशयास्पद आहे.'

अख्खा वर्ग हसला. तस्लीम तर बाकावर डोकं टेकवून हसत होती. मॅडम म्हणाल्या, शर्वाणी बोंद्रे, तुझ्या फोनलासुद्धा तुझा भरवसा नाही. आणि मी उभी. तोंड उघडं. कारण मला कळलं होतं.

मधल्या सुट्टीत मी तस्लीमला ओढत जिन्याखाली नेलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे पुढे जात होते, आणि थांबत होते. आवाजासाठी. डोळा चपळ असतो, जीभ मंद. मनातल्या मनात वाचताना डोळ्याला कुणाची वाट बघावी लागत नाही. मोठ्याने वाचताना तो दोन शब्द पुढे जाऊन उभा राहतो, जिभेला म्हणतो, ये, मी आहे इथे. दादच्या यंत्राला वाचन ओळखायला शिकवताना ज्या हजारो लोकांचे डोळे वापरले ते सगळे गप्प बसून वाचणारे असणार. मोठ्याने वाचणारं कुणी असतं हे त्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.

४१७ चोर नव्हता. तो कुणालातरी वाचून दाखवत होता.

दुकानात डोळ्यांच्या हालचाली नोंदवायचं यंत्र आहे. संध्याकाळी मी पप्पांना तस्लीमला त्यासमोर बसवायला लावलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग मला. मग समोरच्या बेकरीतल्या काकांना, त्यांनी बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचलं. प्रत्येकाचा मोठ्याने वाचल्याचा माग ४१७ सारखा. पप्पा माग बघत होते, माझ्याकडे नाही.

"सोलणीत वाचत असतील," ते एकदम म्हणाले.

मी विचारलं, कशात? मग त्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदा सलग काही सांगितलं. आईची आई काजूच्या कारखान्यात सोलणीला, म्हणजे दाण्यांची साल काढायच्या कामाला होती. आई शाळा सुटली की तिथेच जायची आणि बायका काम करताना त्यांना वाचून दाखवायची. वाचायचं संपलं की मनाने रचून सांगायची. पुस्तकातल्या बहुतेक गोष्टी तिथल्याच. "मी तिला म्हणायचो, निदान थोडी किंमत तरी ठेव. ती म्हणायची, या गोष्टींचे पैसे मला आधीच मिळालेत. मला वाटायचं, उगाच बढाई मारते."

शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने आम्ही निघालो. मी एकटी जाईन म्हणाले होते, पप्पा दोन तिकिटं काढून आले. आंबोलीच्या घाटात त्यांनी मला खिडकी दिली. कारखाना वेंगुर्ल्याच्या थोडा बाहेर होता. फाटकासमोर चहाची टपरी. पप्पा तिथल्या बाकावर बसले आणि म्हणाले, तू जा, मी इथे आहे. मी आग्रह केला नाही. आत गेल्यावर सगळ्या त्यांना आई कशी गेली हेच विचारणार होत्या आणि ते त्यांना नको होतं, एवढं मलाही कळत होतं.

आता काजू फोडायचं, भाजायचं, साल काढायचं काम यंत्रंच करतात. पण वाकड्या दाण्याच्या बेचक्यात साल चिकटून राहते, तिथे यंत्राचं काही चालत नाही. ते दाणे लांब पत्र्याच्या शेडमध्ये येतात. तिथे बावीस बायका खाली बसून, बारीक सुऱ्यांनी ती उरलेली साल काढत होत्या. प्रत्येकीसमोर एक ताट, आणि मजुरी सोललेल्या दाण्यांच्या वजनावर. दारात मला बघून एकीने विचारलं, "कोण होयां गो तुका?" मी म्हटलं, इथे पुस्तक कोण वाचतं?

सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. पलीकडच्या टोकाला एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात क्रूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दांडीला दोरा बांधलेला होता. चष्मेवाल्याची मुलगी म्हणून मला आधी तेच दिसलं. तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मयूचां चेडू तू," ती म्हणाली. "नाक बघून कळलां."

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. माझं डोकं कुणाच्या तरी खांद्यावर होतं, कुणीतरी मूठभर काजू माझ्या हातात कोंबले, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. मला अर्धं कळत होतं. त्या पांढऱ्या केसांच्या बाईचं नाव फिलोमिना, सगळ्या तिला फिलूबाय म्हणतात. तिला वाचता येत नव्हतं. आई दहा-अकरा वर्षांची असताना तिने इथेच, काजूच्या रिकाम्या डब्यावर कोळशाने अक्षरं काढून तिला शिकवलं. आई शिकायला कोल्हापूरला गेल्यावर वाचायचं काम फिलूबायकडे आलं. पुस्तक फोनवर आल्यापासून तेच चाललंय. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पान अडतीसची गोष्ट मात्र दर शनिवारी, कारण तिच्याशिवाय आठवडा संपत नाही.

मी त्यांना सरकारी भानगड सांगितली. चोर ठरवल्याचं ऐकून फिलूबाय इतकी हसली की चष्मा दोऱ्यावर लोंबायला लागला. मग मी माझी युक्ती सांगितली. फॉर्मच्या सतराव्या पानावर 'समूह' असा एक रकाना होता. ऐकणाऱ्या प्रत्येकीसमोर कॅमेरा सुरू असला तर तिचीही दाद मोजतात. एकाऐवजी बावीस. बसमध्ये मी दहाच धरून हिशोब केला होता आणि मला तोसुद्धा फारच आवडला होता. "आमची तोंडां कित्याक बघूक होयी तेका?" असं एकीने विचारलं, पण माझ्यासाठी म्हणून सगळ्यांनी आपापले फोन ताटांना टेकवून उभे केले.

चार वाजले. फिलूबायने वाचायला सुरुवात केली. आणि ते भयंकर झालं. बायका पदर सारखे करत होत्या. एक शिंक आली तर तिने ती गिळली. हसायच्या जागी कुणी हसलं नाही. फिलूबाय 'मग ती थांबली' वाचून थांबली आणि दोघी-तिघी पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाल्या. फिलूबायने फोन पालथा घातला.

"ह्यां नको, चेडवा," ती म्हणाली. "गोष्ट आमका ऐकूक येयना."

मी सगळे फोन गोळा केले. माझा चेहरा तापला होता, तेव्हा एखाद्या कॅमेऱ्याने बघितला असता तर फार मोठी दाद दिली असती. त्यांनी मला मध्ये बसवलं आणि फिलूबायने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी सुऱ्या चालू होत्या, एकसारख्या, खरवडल्याचा बारीक आवाज. आणि मला एक गोष्ट दिसली. वाचणाऱ्या फिलूबायचं ताट रिकामं असायला हवं होतं, पण ते भरत होतं. काम करता करता प्रत्येक बाई आपल्या ताटातले मूठभर सोललेले दाणे उचलून शेजारणीकडे द्यायची, ते हातोहात पुढे जात आणि फिलूबायच्या ताटात पडत. कुणी मोजत नव्हतं, कुणी कुणाकडे बघतही नव्हतं. मी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, हे पहिल्यापासून असंच आहे. मयू वाचायची तेव्हा तिच्या आईचं ताट भरायचं. त्या पैशांवर मयू शिकली, कोल्हापूरला गेली.

पैसे आधीच मिळालेत. आई बढाई मारत नव्हती.

"'आवशी, मी इलंय गो,'" फिलूबायने वाचलं. "मग ती थांबली."

सुऱ्या थांबल्या. सगळ्या. पत्र्यावर कुठेतरी एक पान घासत होतं. मी घड्याळ लावणार होते, पण लावलं नाही. नंतर हिशोब केला, अकरा सेकंदांत आवाज पावणेचार किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन धरलं तर खाडी जवळजवळ दोन किलोमीटर रुंद हवी, आणि एवढी रुंद इथे कुठेच नाही. पण तेव्हा त्या शेडमध्ये होती. मला पलीकडचा काठ दिसत नव्हता. मला फक्त वाटत होतं, आता येईल. आता येईल.

"जेवलंस?" बावीस जणी एकदम म्हणाल्या.

आणि सुऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

नंतर मी फिलूबायला विचारलं, पुस्तकात तर तिथे थांबा असं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "थंय मयू थांबत होती, म्हणान मीय थांबतंय." जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. पुराव्यासाठी तिची संमती नोंदवायला मी तिच्या फोनवर दादचं पान उघडलं. तिने एका बटणावर बोट ठेवलं, हे कसलं? मी सांगितलं, याला 'सोबत' म्हणतात. वाचणाऱ्याने ते दाबलं तर तो कुठे वाचतोय ते लेखकाला दिसत राहतं. पण ते कुणी दाबत नाही. आपल्या खांद्यावरून लेखकाने वाकून बघितलेलं कुणाला आवडेल? फिलूबायने ते बटण पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. जाताना तिने विचारलं, बाप कुठे आहे? मी म्हटलं, बाहेर. तिने पुड्यात काजू बांधून दिले, त्याच्यासाठी वेगळे.

परतीच्या एसटीत पप्पांनी घाट चढून होईपर्यंत पुडा उघडला नाही. मग एकच विचारलं, "किती वेळ थांबतात?"

"अकरा सेकंद."

"घरी ती वाचायची तेव्हा आठाच्या पुढे कधी गेलं नाही," ते म्हणाले. "मला दम निघायचा नाही. मीच मध्ये 'जेवलंस?' म्हणून टाकायचो. ती चिडायची."

तेराव्या दिवशी मी बावीस पानांचा फॉर्म भरला. 'समूह' रकाना रिकामा सोडला. सोबत दुकानातल्या यंत्रावरचे माग जोडले, माझा, तस्लीमचा, बेकरीवाल्या काकांचा, आणि डोळा पुढे का थांबतो ते दीड पानात लिहिलं. पप्पांनी दोन ठिकाणी तांत्रिक शब्द सुधारून दिले. तस्लीमने शेवटी 'धन्यवाद' घातलं. सहा दिवसांनी उत्तर आलं. वाचक ४१७ खरा आहे, मोठ्याने वाचन हा प्रकार यापुढे संशयित धरला जाणार नाही, दाद पुन्हा सुरू करण्यात येत आहे. मी दुकानात उडी मारली, एक आरसा थोडक्यात वाचला. मग शेवटची ओळ वाचली. वाचक खरा ठरल्यामुळे त्याचा माग खाजगी असून तो यापुढे दिसणार नाही.

मी उघडून बघितलं. खरंच गेला होता. सगळे शनिवार. मी तो उतरवून ठेवला नव्हता, कारण मी जिंकण्याच्या गडबडीत होते. मनात आलं, जुना बनवलेला आवाज आहे, त्याला तिथे अकरा सेकंद थांबवता येईल. करून बघितलं. आवाज थांबला. पण ते थांबणं नव्हतं, नुसतं बंद पडणं होतं. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं त्यात.

तो शनिवारच होता. दुपारी चारला दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरवर हनुवटी टेकून बसले होते. फोन वाजला.

'वाचक क्रमांक ४१७ आपल्याला सोबत घेऊ इच्छितात.'

मी फोन काउंटरवर पप्पांच्या पुढे सरकवला आणि 'हो' दाबलं. आईचं पान अडतीस उघडलं. त्यावर एक बारीक हिरवा ठिपका होता. तो दोन शब्द पुढे जायचा आणि थांबायचा, दोन शब्द जायचा आणि थांबायचा. पप्पा म्हणाले, हे काय आहे? मी म्हटलं, तिचा वेग.

त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. तो पुसला, तसा तो स्वच्छच होता. मग ते वाकले आणि आईच्या पुस्तकाचं पान वाचायला लागले. ठिपक्याच्या मागून, त्याच्या पुढे न जाता. त्यांचे ओठ किंचित हलत होते. कुणीतरी दुकानाचं दार उघडलं. मी न बघताच हात वर केला, थांबा म्हणून.

ठिपका 'मग ती थांबली' या शब्दांपाशी येऊन उभा राहिला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात करड्या अक्षरांत आलं : 'वाचन थांबले आहे. दाद मोजली जात नाही.' तीन. चार. पप्पांची बोटं काउंटरच्या काचेवर सपाट होती. सात. आठ. मी त्यांच्याकडे बघितलं. ते काही म्हणाले नाहीत. नऊ. दहा.

"जेवलंस?" पप्पा म्हणाले.

ठिपका पुढे सरकला.